‘देवाची इच्छा’ म्हणण्याआधी

डिसेंबर २०२२मध्ये सोलापुरात लग्नाळू तरुणांनी मोर्चा काढला होता. डोक्याला फेटे, कपाळाला मुंडावळ्या, बसायला घोडे, पुढे बँडबाजा आणि वरात थेट जिल्हाधिकारी कार्यालयावर. लग्नाला मुली मिळत नाहीत, सरकारने गर्भलिंगनिदानबंदीचा कायदा नीट राबवावा, असं त्यांचं म्हणणं. वाहिन्यांनी ते दाखवलं, लोक हसले, पण हसता हसता पोरांचं दुखणं सगळ्यांना कळलं. शेतकऱ्याच्या मुलाला मुलगी मिळत नाही हा आता अग्रलेखांचा आणि निवडणुकीतल्या भाषणांचाही विषय झाला आहे.

उलटा मोर्चा डोळ्यांसमोर आणून पाहा. पस्तिशी-चाळिशीतल्या बायका शालू नेसून, मुंडावळ्या बांधून, ‘आम्हाला संसार हवा’ असं म्हणत कलेक्टर कचेरीकडे निघाल्या आहेत. मला तरी ते चित्र जमत नाही. पुरुषाने लग्नाची इच्छा उघड बोलून दाखवली की ती गरज ठरते. बाईने बोलून दाखवली की गुडघ्याला बाशिंग. मला लग्न नको, असं म्हणणाऱ्या बाईला समजून घेणारे लोक आता शहरात तरी भेटतात. तिच्यासाठी शब्द आहेत, लेख आहेत, मैत्रिणींचे गट आहेत. हवं होतं, अजूनही हवं आहे, पण झालं नाही, असं म्हणणाऱ्या बाईचं काय करायचं हे मात्र कुणालाच कळत नाही. तिच्या जुनाट विचारांची पुरोगाम्यांना अडचण होते आणि तिच्या उघड बोलण्याची घरच्यांना.

मी वसईची, कॅथलिक, एकेचाळीस वर्षांची, अविवाहित. मला नवरा हवा आहे आणि मूल हवं आहे. पुढचं सगळं याच जागेवरून लिहिलेलं आहे, त्यामुळे तटस्थपणाचा आव आणत नाही. माझ्या ओळखीत ठरवून एकट्या राहिलेल्या आणि मजेत असलेल्या बायका आहेत. त्यांचा हा प्रश्न नाही. हा लेख त्यांच्यासाठी नाही, त्यांच्याविरुद्ध तर मुळीच नाही.

माझं म्हणणं थोडक्यात असं: आमच्या समाजात अशा बाईला ‘देवाची इच्छा’ असं सांगून जे गप्प केलं जातं, त्यातला फार मोठा भाग देवाने केलेला नाही. तो आम्ही केलेला आहे. आमच्या पोटजातींनी, वयाच्या अटींनी, घर-जमिनीच्या हिशेबांनी. आणि जे माणसांनी केलं ते देवाच्या खात्यावर मांडणं हे धर्माच्या दृष्टीनेही बरं नाही.

आधी ख्रिस्तसभेच्या, म्हणजे चर्च या संस्थेच्या, रचनेबद्दल, कारण बाहेरच्या वाचकाला ती माहीत असेलच असं नाही. कॅथलिक जगात प्रौढ माणसाला नावानिशी ओळखलेल्या वाटा मोजक्या आहेत. लग्न हा संस्कार आहे. धर्मगुरूची दीक्षा हा संस्कार आहे. सिस्टर किंवा ब्रदर होणं हा संस्कार नसला तरी त्याला स्वतःचा विधी आहे, व्रतं आहेत, राहायला मठ आहे. यातलं काहीच न झालेली प्रापंचिक, म्हणजे दीक्षा-व्रत न घेतलेली, बाई दर रविवारी मिस्सेला म्हणजे चर्चमधल्या उपासनेला येते, गायनवृंदात गाते, मुलांना धर्मशिक्षण देते, वेदीवरची फुलं सजवते. बहुतेक धर्मग्रामांत, म्हणजे एकेका चर्चच्या हद्दीत, अर्धी कामं तिच्याच जिवावर चालतात. तरी तिच्या आयुष्याला नाव नाही. ती ‘अजून व्हायची आहे’.

म्हणूनच आम्हाला एक प्रश्न विचारला जातो, जो माझ्या हिंदू मैत्रिणींना कधी ऐकावा लागत नाही: ‘मग सिस्टर का नाही झालीस?’ विचारणाऱ्याला वाटतं, तो सोय सुचवतो आहे. पण सिस्टर जे सोडते ते तिने समजून-उमजून, देवाच्या हाकेला ओ देऊन सोडलेलं असतं. मला ती हाक आली नाही. जे हातात कधी आलंच नाही ते मी देवाला वाहिलं, असं कसं म्हणू? ते खोटं होईल, आणि खरोखर वाहणाऱ्यांचा तो अपमानही होईल. शिवाय त्यागाबरोबर सिस्टरला काही मिळतंही: डोक्यावर छप्पर, जेवणाच्या टेबलाभोवती माणसं, म्हातारपणी दुखण्यात उशाशी कुणीतरी. मला पुढे यातलं काय मिळेल ते माझ्या भावाच्या स्वभावावर आणि भावजयीच्या मर्जीवर आहे. १९७०मध्ये रोमने प्राचीन काळातला समर्पित कुमारिकांचा विधी पुन्हा सुरू केला. मठात न जाता, जगात राहून कौमार्याचं समर्पण करता येतं. चांगली गोष्ट आहे. पण तीही निवडच. आमची अडचण निवडीची नाहीच.

संतांच्या यादीकडे पाहिलं तरी हेच दिसतं. आमच्या वसईत जन्मलेले गोन्सालो गार्सिया, १५९७ साली नागासाकीत हुतात्मा झाले, १८६२ साली संत ठरले. ते फ्रान्सिस्कन व्रतस्थ. अल्फोन्सा, युफ्रेशिया, मरियम त्रेसिया या केरळच्या तिघी सिस्टर. मदर तेरेसा सिस्टर. २०२२मध्ये संत झालेले देवसहायम हे भारतातले पहिले प्रापंचिक संत, तेही लग्न झालेले पुरुष. नोकरी करणारी, आईबापांचं बघणारी, मनात संसाराची इच्छा असलेली एखादी अविवाहित बाई या रांगेत अजून उभी नाही. अल्फोन्साची गोष्ट लहानपणी धर्मशिक्षणाच्या वर्गात ऐकली होती, ठरलेलं लग्न टाळण्यासाठी तिने पाय निखाऱ्यात भाजून घेतला. तेव्हा अंगावर काटा आला होता. आज वाटतं, लग्न टाळण्यासाठी पाय भाजणाऱ्या मुलीची गोष्ट आमच्यापाशी आहे. लग्नाची वाट पाहून थकलेल्या मुलीची कुठे आहे?

निदान कागदावर ख्रिस्तसभेला हे कळलेलं आहे. १९९२च्या कॅथलिक धर्मशिक्षण ग्रंथात कुटुंबावरच्या भागात शेवटी एक परिच्छेद येतो. परिस्थितीमुळे, आणि बरेचदा स्वतःची निवड नसताना, एकट्या राहिलेल्या माणसांची त्यात आठवण केली आहे आणि ख्रिस्तसभा हे त्यांचं घर आहे, जगात कुणीही कुटुंबाविना नाही, असं म्हटलं आहे. १९८१ साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी कुटुंबावर काढलेल्या पत्रातही समारोपाच्या अगदी आधी कुटुंब नसलेल्यांचा उल्लेख येतो. दोन्हीकडे आम्ही शेवटी शेवटी. तरी आहोत, हेही नसे थोडके.

कागदावरून धर्मग्रामात उतरलं की चित्र वेगळं होतं. नाताळनंतरच्या रविवारी पवित्र कुटुंबाचा सण असतो. जोडप्यांना उभं राहायला सांगतात, वचनांचा पुनरुच्चार होतो, टाळ्या होतात. मे महिन्यात मातृदिनाला आयांना पुढे बोलावून गुलाब देतात. मी एकदा एका धर्मगुरूंना म्हटलं, ‘फादर, आमच्यासारख्यांनी तेव्हा काय करायचं?’ ते माणूस म्हणून फार चांगले. म्हणाले, ‘देवाने तुझ्यासाठी काहीतरी वेगळं योजलं असेल.’ त्यांना बिचाऱ्यांना दुसरं काय सुचणार होतं? पण हेच वाक्य मी इतक्या तोंडांतून ऐकलं आहे की एकदा त्याची झडती घ्यावीशी वाटते.

वसईचं उदाहरण घेऊ. पोर्तुगीज इथे १५३४ ते १७३९ होते. त्या काळात गावंच्या गावं ख्रिस्ती झाली, पण जाती घेऊन झाली. आजही आम्ही सामवेदी म्हणजे कुपारी आहोत, वाडवळ आहोत, कोळी आहोत, ईस्ट इंडियन आहोत. एकाच चर्चमध्ये गुडघे टेकतो, एकाच ताटातून ख्रिस्तशरीर, म्हणजे मिस्सेतला भाकरीचा प्रसाद, घेतो आणि लग्नाचं निघालं की ‘आपल्यातला आहे का?’ असं विचारतो. गोव्यात बामण, चार्दो, सुदिर या ख्रिस्ती जाती हेच करतात. तिथे त्याला चारशे-साडेचारशे वर्षांची शिस्त आहे. आमच्या वधू-वर याद्यांत नाव, वय, शिक्षण, पगार यांच्यासोबत ‘समाज’ असा रकाना असतो आणि चाळणी तिथेच लागते. वाडवळ मुलगा परवा-परवापर्यंत आमच्या सामवेदी घरात ‘बाहेरचा’ होता. मंगळूरकर किंवा गोवेकर चालेल, पण भाषा कशी जुळणार? आणि अहिल्यानगर जिल्ह्यातल्या कॅथलिक मुलाचं नाव तर कुणी काढतच नाही. श्रीरामपूर तालुक्यात हरेगावची मतमाउलीची, म्हणजे मारियामातेची, यात्रा सप्टेंबरात भरते, महाराष्ट्रातली ख्रिस्ती लोकांची ती फार मोठी यात्रा. माउली एक, मिस्सा एक, भाषा तर आमच्याहून स्वच्छ मराठी. पण तिकडचे बहुसंख्य ख्रिस्ती दलित समाजांतून आलेले. आमच्याकडे कुणी ‘जात’ हा शब्द उच्चारत नाही. ‘आपली पद्धत वेगळी’ एवढंच म्हणतात.

आता या चाळणीत शिक्षण घाला. माझ्या पिढीत आमच्या गावांतल्या मुली शिकल्या. शिक्षिका, नर्स झाल्या, बँकांत लागल्या, आयटीत गेल्या. मुलगे लवकर कमावते झाले. कुणी जहाजावर, कुणी गल्फमध्ये, कुणी वाडीत किंवा वडिलांच्या धंद्यात. ही माझी नजरेची पाहणी आहे, पण गावातल्या कुणालाही विचारा. मुलाकडच्यांना जास्त शिकलेली मुलगी नको आणि मुलीकडच्यांना कमी शिकलेला मुलगा नको. दोष दोन्हीकडे आहे. सत्ताविशीत मीही पदवी बघत होते आणि त्यात मला आजही काही गैर वाटत नाही. मग वय घाला. तिशी ओलांडलेल्या मुलीची चिठ्ठी यादीत तळाला जाते, पस्तिशीनंतर विधुर आणि घटस्फोटित सुचवले जातात, आणि घटस्फोटिताचं आधीचं लग्न धर्मन्यायालयाने रद्दबातल ठरवलेलं नसेल तर तेही दार बंद.

२०११च्या जनगणनेत देशातल्या ख्रिस्ती लोकांत हजार पुरुषांमागे १०२३ स्त्रिया होत्या. एकूण देशात तेव्हा ९४३. मोठ्या धर्मसमूहांत हजाराच्या वर गेलेले आम्हीच. सोलापूरच्या मोर्च्यातल्या मुलांना ज्याची टंचाई, ते आमच्यात जास्त आहे. या आकड्यावर फार इमले मात्र बांधता येत नाहीत. त्यात केरळचं वजन मोठं, बायका जास्त जगतात आणि पुरुष परदेशी जातात हेही त्यात आलं. तरी एवढं म्हणता येईल की मुलींना गर्भात न मारणारा समाज म्हणून जो अभिमान आम्ही मिरवतो, त्याचं पुढचं पान आम्ही वाचलेलं नाही. जन्माला येऊ दिलेल्या, शिकवलेल्या मुलींनी पुढे लग्न कुणाशी करायचं? यादी आम्हीच इतकी आखूड केली, आणि ती संपल्यावर वर बोट दाखवून ‘त्याची इच्छा’ म्हणून मोकळे झालो.

लग्न धर्माबाहेर करायचं म्हटलं तर? इथे एक गंमत आहे. चर्चचा कायदा समाजापेक्षा पुष्कळ मवाळ आहे. बाप्तिस्मा न झालेल्या व्यक्तीशी कॅथलिकाचं लग्न बिशपांच्या सवलतीने चर्चमध्ये वैध होऊ शकतं. कॅथलिक जोडीदाराने आपली श्रद्धा सांभाळीन आणि मुलांचा बाप्तिस्मा व संगोपन कॅथलिक श्रद्धेत व्हावं म्हणून आपल्याकडून होईल तेवढं करीन, असं वचन द्यायचं. दुसऱ्या बाजूला त्या वचनाची कल्पना द्यायची. धर्म बदलण्याची अट नाही. नियम स्त्री-पुरुष दोघांना सारखा. पण गावात मुलाने हिंदू मुलगी आणली तर ‘आपल्यात आली’ आणि मुलीने हिंदू मुलाशी लग्न केलं तर ‘आपल्यातून गेली’. त्याची सून होते, हिची वजाबाकी होते. मुलं वडिलांच्या घराण्याची, ही समजूत बायबलपेक्षा जुनी आणि धर्मशिक्षणापेक्षा पक्की आहे.

यावर मिळणारं उत्तर मला माहीत आहे, आणि ते हलकं नाही. आम्ही मूठभर. महाराष्ट्राच्या लोकसंख्येत सगळे ख्रिस्ती मिळून एक टक्काही नाहीत. त्यात आमची सामवेदी बोली बोलणारे किती असतील? मुली बाहेर गेल्या तर बोली जाईल, गाणी जातील, लग्नातल्या रीती जातील. ही भीती खरी आहे, मलाही वाटते. पण मी अविवाहित राहिल्याने ही बोली कशी वाचते, हे कुणीतरी मला समजावून सांगावं. माझी आई माझ्याशी सामवेदीत बोलली. मी कुणाशी बोलणार? वाडवळ किंवा हिंदू नवऱ्याच्या घरात माझ्या मुलाने ती अर्धीमुर्धी तरी उचलली असती.

आमच्या जुन्या भक्तीत ही इच्छा एवढी झाकून ठेवलेली नव्हती, याचं मला नेहमी नवल वाटतं. बांद्र्याच्या मोतमाउलीला, म्हणजे माउंट मेरी चर्चला, सप्टेंबरात जा. पायऱ्यांच्या आसपास दुकानांतून मेणाच्या वस्तू मिळतात: मेणाचा पाय, मेणाचा हात, मेणाचं घर, मेणाचं बाळ. ज्याला जे हवं ते त्याने विकत घ्यायचं आणि माउलीपुढे ठेवायचं. कुणी विचारत नाही. सगळ्या धर्मांचे लोक येतात. गोव्यात तळावलीच्या सांताना चर्चमध्ये जुलैअखेर तवशांचं, म्हणजे काकड्यांचं, फेस्त होतं. सांताना म्हणजे मारियेची आई, संत अ‍ॅन. मूल हवं असलेली जोडपी तिला काकडी वाहतात, बायको हवी असलेला मुलगा चमचा वाहतो आणि नवरा हवा असलेली मुलगी उडीद. पोर्तुगीज यमकांवर बेतलेली ही मागणी आहे, थोडी चावट, थोडी भाबडी. पण त्यात उडीद घेऊन रांगेत उभ्या असलेल्या मुलीला लाज वाटायचं कारण नसतं. तिला काय हवं आहे ते अख्ख्या गावाला दिसतं. आजच्या प्रवचनांत ‘एकटेपण हीसुद्धा देणगी आहे’ असं जे सांगितलं जातं, त्यापेक्षा मला मूठभर उडीद जास्त प्रामाणिक वाटतात.

बायबल तर याहून धीट आहे. हन्ना मूल मागताना मंदिरात रडत, आवाज न काढता नुसते ओठ हलवत अशी प्रार्थना करते की एली याजकाला ती दारू प्यायलेली वाटते. ती गोष्ट प्रवचनांत येते, कारण पुढे तिला शमुवेल हा मुलगा होतो. इफ्ताहाच्या मुलीची गोष्ट येत नाही. शास्ते या पुस्तकाच्या अकराव्या अध्यायात ती आहे. बापाच्या अविचारी नवसापायी ती मरणार आहे. मरणाआधी ती एकच मागते: दोन महिने द्या, मैत्रिणींसोबत डोंगरात जाऊन मला माझ्या कौमार्याचा शोक करायचा आहे. आणि पुढे इस्राएलच्या मुली दर वर्षी चार दिवस तिच्यासाठी शोक करत, असं लिहिलं आहे. गोष्ट भयंकर आहे, बापाचं वागणं अक्षम्य आहे. पण तिचा शोक हा शोक म्हणून तिथे नोंदलेला आहे. कुणी तिला म्हटलं नाही की देवाने तुझ्यासाठी काहीतरी वेगळं योजलं असेल. आमच्या गावात तीन हजार वर्षांनंतरही त्या दोन महिन्यांची सोय नाही.

घराचं थोडक्यात सांगते, कारण ते सगळ्याच जातिधर्मांच्या अविवाहित बायकांना लागू आहे. ख्रिस्ती मुलीला १९२५च्या भारतीय वारसा कायद्याने भावाइतकाच वाटा आहे. पण वसईत जमिनीचे भाव असे चढले आहेत की लग्न झालेल्या बहिणीपुढे हक्कसोडपत्र येतं आणि लग्न न झालेलीला ‘तुला एकटीला काय करायचंय?’ असं विचारलं जातं. आईबापांची सेवा तिने करायची हे गृहीत. त्या सेवेनंतर तिने राहायचं कुठे, हे कुणी ठरवलेलं नसतं. याच कायद्यात एक कलम असं आहे की अविवाहित ख्रिस्ती बाई मृत्युपत्र न करता गेली आणि तिचा बाप हयात असेल, तर सगळं बापाला जातं; आईला छदाम नाही. मैत्रिणींनो, मृत्युपत्र करा.

राहिलं मूल. हा भाग लिहायला मला सगळ्यात जड जातो.

बीजांडं गोठवून ठेवण्याच्या जाहिराती तिशीतल्या प्रत्येक बाईच्या फोनवर येतात. २०२१च्या कायद्याने अविवाहित बाईलाही एकविसाव्या ते पन्नासाव्या वर्षापर्यंत कृत्रिम गर्भधारणेचे उपचार घेता येतात. सरोगसी मात्र विधवा आणि घटस्फोटितांना खुली आणि कधीच लग्न न झालेल्यांना बंद. म्हणजे सरकारच्याही लेखी नवरा एकदा होऊन गेलेला असावा लागतो. ख्रिस्तसभेचं उत्तर स्पष्ट आहे: १९८७ आणि पुन्हा २००८ साली रोमने या पद्धतींना नकार दिला, त्यासाठी बीजांडं गोठवण्यालाही. मूल हा कुणाचा हक्क नाही, ते दान आहे, आणि ते पतिपत्नींच्या मीलनातून यावं, अशी ती भूमिका. मी ती मानते. सहज मानते असं नाही. तेहतिसाव्या वर्षी एका डॉक्टरांनी समोर कागद ठेवला होता आणि मी तो न भरता परत आले. नकाराची किंमत मी मोजली आहे, त्यामुळे पुढचं बोलायचा मला अधिकार आहे असं समजते.

ख्रिस्तसभा म्हणते, जन्म देऊ शकत नसाल तर दत्तक घ्या, अनाथ मुलाला घर द्या. कॅथलिक धर्मशिक्षण ग्रंथ ते निपुत्रिक जोडप्यांना सुचवतो. मग एकट्या बाईने घेतलं तर? २०१५ साली सरकारने दत्तकाचे नवे नियम आणले. मुलांची आणि इच्छुक पालकांची यादी ऑनलाइन झाली आणि एकल किंवा घटस्फोटित पालकाला मूल नाकारण्याची मोकळीक संस्थांना उरली नाही. तेव्हा मदर तेरेसांच्या मिशनरीज ऑफ चॅरिटीने दत्तक देण्याच्या कामातूनच अंग काढून घेतलं. एकट्या पालकाकडे मूल देणं त्यांच्या सद्सद्विवेकाला पटणारं नव्हतं. मुलाला आई आणि बाप दोघं हवेत, हे त्यांचं म्हणणं मला कळतं. दोघं असणं चांगलंच. पण समोर निवड दोन पालक की एक पालक अशी नव्हती. कित्येक मुलांपुढे ती एक पालक की संस्थेतला पाळणा अशी होती. ज्या सिस्टरांनी स्वतः, नवऱ्याविना, हजारो मुलांना आईची माया दिली, त्यांनीच एका बाईची माया अपुरी ठरवावी, हे मला आजवर पचलेलं नाही. मी त्यांचा आदर करते. त्या निर्णयाचा नाही.

कायद्याची वाटही ख्रिस्ती लोकांना उशिराच मिळाली. १८९०च्या कायद्याने आम्हाला नुसतं पालकत्व मिळे. मूल सज्ञान झालं की नातं कागदावरून पुसलं जाई. २००० साली मुंबई उच्च न्यायालयाने मॅन्युएल थिओडोर डिसोझा प्रकरणात ख्रिस्ती जोडप्याचा दत्तकाचा हक्क मान्य केला, २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने शबनम हाश्मी प्रकरणात कोणत्याही धर्माच्या माणसाला बालन्याय कायद्याखाली दत्तक घेता येतं हे पक्कं केलं. २०२२च्या नियमांप्रमाणे एकटी बाई मुलगा किंवा मुलगी, कुणालाही दत्तक घेऊ शकते. दोन वर्षांपर्यंतच्या बाळासाठी तिचं वय चाळिशीच्या आत हवं, दोन ते चार वर्षांच्या मुलासाठी पंचेचाळिशीच्या आत, चार ते आठसाठी पन्नाशीच्या आत. म्हणजे तान्हं बाळ माझ्या हातून गेलं. चालायला लागलेलं अजून नाही.

असं मूल उद्या चर्चमध्ये आणलं तर धर्माचा कुठलाही नियम आड येत नाही. बाप्तिस्म्याला लागते पालकाची संमती आणि मूल श्रद्धेत वाढेल अशी रास्त आशा. पालक दोन हवेत अशी अट नाही. अविवाहित आयांच्या मुलांना बाप्तिस्मा नाकारणाऱ्या धर्मगुरूंना तर पोप फ्रान्सिस यांनी, ते ब्युनोस आयर्सला आर्चबिशप असताना आणि नंतर पोप झाल्यावरही, चांगलंच फटकारलं होतं. तरी मी हा विषय घरी काढला तेव्हा आईने पहिला प्रश्न विचारला तो पैशांचा नव्हता. ‘लोक म्हणतील, तुझंच असेल.’ मी म्हटलं, असेलच ना, माझंच. ती रागावली, मग हसली, मग पुन्हा रागावली.

धर्मगुरू म्हणतात, आम्ही नवरे कुठून आणायचे? बरोबर आहे. ते त्यांचं काम नाही. पण वधू-वर यादीतला ‘समाज’ हा रकाना चर्चच्या कार्यालयातून निघणाऱ्या कागदावर का असावा, याचं उत्तर त्यांनी द्यायला हवं. तो खोडायला रोमची परवानगी लागत नाही. वसई, नाशिक, मुंबई, पुणे या धर्मप्रांतांनी याद्या एकत्र केल्या तर हरेगावचा मुलगा आणि वसईतल्या नंदाखालची मुलगी निदान एकमेकांची नावं वाचतील. पस्तिशीपुढच्यांचे मेळावे वेगळे घेता येतील. विधुरांची सोय म्हणून नाही, त्यांच्या स्वतःसाठी. मिश्र लग्नाची सवलत कशी मिळते हे धर्मशिक्षणाच्या वरच्या वर्गांत मुलींना उघड सांगता येईल, नाहीतर त्या बिचाऱ्या समजतात की हिंदू मुलावर जीव जडला म्हणजे ख्रिस्तप्रसाद सुटला. आणि लग्न तयारीच्या वर्गांना जेवढे रविवार मिळतात, त्यातला एखादा दत्तकाच्या माहितीला दिला तर जोडप्यांनाही उपयोग होईल आणि मागच्या बाकावर बसून ऐकणाऱ्या आमच्यासारख्यांनाही.

मी ‘कारा’ या केंद्र सरकारच्या दत्तक यंत्रणेच्या संकेतस्थळावर नोंदणीची कागदपत्रं पाहून ठेवली आहेत. गृहभेटीचा अहवाल लागतो, उत्पन्नाचा दाखला लागतो, आणि आपल्या पश्चात मुलाला सांभाळणाऱ्या जवळच्या माणसाचं हमीपत्रही. भावाला विचारलं आहे. त्याने नाही म्हटलेलं नाही. बायकोशी बोलून सांगतो म्हणाला.